सातही घरांना कुलूप

"काय ताई, गल्लीच सोडून पळाली काय सगळी?"

गड्डम सरांनी विचारलं आणि अख्खी बॅच हसली. माझ्या पडद्यावर सात घरं ओळीनं उभी होती. सातही दारं तपकिरी, सातही दारांवर काळं कुलूप. संगणकाला ओळी लिहून देऊन मी काढायला बसले होते आमची गल्ली. पहिल्या घरापुढं शेळी, तिसऱ्याला हिरवं दार, पाचव्यापुढं मोटरसायकल. आणि निघालं हे.

"सर, मी प्रत्येक घराला वेगळं दिलंय," मी म्हणाले. "खाली बघा की. सात ओळी आहेत, सातही वेगळ्या."

"दिलंत वेगळं, पण ठेवलंत कुठं?" सर माझ्या खुर्चीमागं येऊन वाकले. पंचविशीतलं पोरगं ते, पण सर म्हणायचं म्हणजे म्हणायचं. "हे वरचं सगळं म्हणजे क्लास. क्लास म्हणजे घराचा नकाशा. नकाशात कुणी राहतं का? राहतात घरात. घर म्हणजे ऑब्जेक्ट. तुम्ही दाराचा रंग त्या त्या घरावर लिहायचा सोडून नकाशावरच लिहिलाय. पहिलं घर आलं, नकाशावर पांढरा. दुसरं आलं, पांढरा पुसून निळा. शेवटच्या घराला तुम्ही कुलूप घातलंय. मग नकाशालाच कुलूप बसलं. आता सगळी घरं नकाशाला विचारतात, माझ्या दारावर काय? नकाशा सांगतो, कुलूप."

"मग करू काय?"

"जिथं जिथं नकाशाचं नाव लिहिलंय तिथं सेल्फ, म्हणजे स्वतः, असं लिहा. म्हणजे ज्याचं त्याच्यापाशी राहील. कळलं का?"

मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं. सेल्फ लिहिलं की पडद्यावर लाल अक्षरं यायची, काढलं की कुलपं यायची. आठवडाभर हेच चाललं होतं.

"थांबा, थांबा. पुसू नका." सरांनी मोबाईल काढून पडद्यावरच्या नुसत्या चित्राचा फोटो घेतला. "अशी सुंदर चूक पुढच्या बॅचला दाखवायला पाहिजे."

मला वाटलं, फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये राहील.

आता मी त्या सेंटरवर कशी पोचले ते सांगते. मी नवऱ्याचं घर सोडून पळून आले होते. भीमेकाठचं गाव, नाव लिहीत नाही. नवरा विलास मारायचा. माझा दीर अंकुश कधी मारायचा नाही. तो फक्त बाहेरून कडी लावायचा. विलासनं मला आत ओढलं की अंकुश दाराची कडी घालून ओट्यावर बसायचा आणि आत शांत झालं की काढायचा. वर विचारायचा, "वहिनी, पाणी आणू का?" मला मार आठवत नाही इतकी ती कडी आठवते. लोखंडावर लोखंड सरकल्याचा आवाज.

माझी पोरगी कस्तुरी चार वर्षांची झाली आणि एक दिवस तिनं खेळता खेळता बाहुलीला कपाटात घातलं, दार लावलं आणि समोर मांडी घालून बसली. मी त्याच आठवड्यात निघाले. माझ्या मागं अंकुशनं माझ्या माहेरी जाऊन सांगितलं होतं, पोरगी आमच्या घराण्याची आहे, ती उचलून आणणार. वहिनीला आणणार नाही, तिची सोय तिथंच करणार. माहेरच्यांनी मला हे फोनवर सांगितलं आणि पुढं म्हणाले, इकडं येऊ नकोस.

सोलापूरच्या कडेला विडी कामगार बायकांची वसाहत आहे. हजारो घरं, सगळी एका नकाशावरची. एक खोली, मागं मोरी, पुढं हातभर ओटा. नवीन माणूस तिथं शिरला की तासभर भोवऱ्यासारखा फिरतो. मला ते बघूनच हायसं वाटलं होतं. तिथं नरसक्का नावाच्या विडीवालीनं मला आणि कस्तुरीला ठेवून घेतलं. तिचं दार हिरवं. ती ओट्यावर बसून विड्या वळायची, कस्तुरी तिच्या सुपाशी बसून तेंदूच्या पानांच्या कातरणांची घरं मांडायची. नरसक्काची भाषा तेलुगू, मराठी मोडकी, शिव्या मात्र दोन्हीतल्या पक्क्या. गल्लीत मला कुणी वनमाला म्हणत नव्हतं. मी कस्तुरीची आई.

बायकांना संगणक फुकट शिकवणारं सेंटर वसाहतीपासून मोटरसायकलवर पंधरा मिनिटांवर होतं. कोर्स पुरा केला की काम लावून देतो, असं त्यांनी सांगितलं होतं. बारावी झालेली होते, शिरले. सरांनी आपापली गल्ली काढायला सांगितली. खोटी नको, खरी काढा म्हणाले, जाऊन बघून या, कुणाचं दार कसलं, दारावर नाव कुणाचं. मी घरी येऊन कस्तुरीला विचारलं, आपल्या दारावर कुणाचं नाव लिहू? ती म्हणाली, माझं.

शेवटचं सातवं घर बंद असायचं. ज्यांच्या नावावर होतं ते हैदराबादला राहायला गेले होते. तपकिरी दार, मोठं कुलूप. गल्लीच्या टोकाला पाण्याची टाकी, तिच्यावर पांढऱ्या रंगात आकडा तीन. तीही मी काढली. टाकी मात्र पहिल्या झटक्यात बरोबर आली.

फोटो काढला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी दुपारची बॅच सोडून सकाळीच गेले. ती चूक डोक्यातून जात नव्हती. सर अजून आले नव्हते. खोलीत प्रोजेक्टरसाठी अंधार केलेला, पंखे बंद पडलेले. मी मागच्या रांगेत रिकाम्या संगणकावर बसले, उन्हातून आले होते म्हणून तोंडाचा स्कार्फही सोडला नव्हता. शेजारी सकाळच्या बॅचची नाझनीन होती. सर आले ते घाईघाईत पुढं गेले, प्रोजेक्टर लावला. त्यांनी मागं बघितलंच नाही. मी सामायिक फोल्डरमधून माझी फाईल उघडली.

"गड्डम सर आपणच का?"

मी मान वर केली नाही. गरजच नव्हती. तो आवाज ओळखायला मला मान लागत नव्हती.

"मीच. बोला."

"नमस्कार. वनमाला आमची बहीण. तुमच्या फेसबुकवर तिनं काढलेली गल्ली बघितली. लई कौतुक वाटलं." अंकुश दारात उभा होता. पांढरा शर्ट, खिशाला पेन. मागं एक दांडगा गडी. "आई सिरियस आहे हो. वनीचा फोन लागेना. गल्ली सापडली, टाकी दिसली की. पण घर कळेना. कोपऱ्यावरच्या टपरीत विचारलं, तर म्हणे वनमाला कोण इथं नाही."

मी पडद्याआड खाली सरकले. जुना मोठा डब्बा मॉनिटर होता म्हणून वाचले. टाकी तीन. ह्या माणसानं कोपऱ्यापर्यंत जाऊन विचारलं होतं. तिथून आमचा ओटा दिसतो. ओट्यावर कस्तुरी होती.

"अरेरे," सर म्हणाले. "ताई दुपारी येतात. बसा की."

"दुपारपर्यंत म्हातारी राहते का सांगता येत नाही. पत्ता द्या, आम्ही घेऊन जातो."

"पत्ता तर माझ्यापाशी नाही." सरांनी डोकं खाजवलं आणि एकदम त्यांचा चेहरा खुलला. कुणाला काही दाखवायला मिळालं की त्यांचा चेहरा असाच खुलायचा. "पण थांबा. घर तुम्हाला आत्ता दाखवतो. त्यांनी सगळ्या घरांची खरी माहिती लिहिलीय. नुसती एक चूक आहे, म्हणून सगळी घरं सारखी दिसतात. ती दुरुस्त केली की झालं. दोन मिनिटं."

"करा की," अंकुश म्हणाला आणि पुढची खुर्ची ओढून बसला. अगदी ओट्यावर बसायचा तसा.

भिंतीवर माझ्या फाईलचा वरचा भाग मोठा होऊन उघडला; घरांच्या ओळी खाली, पडद्याबाहेर राहिल्या.

"कोण आहे?" नाझनीननं ओठ न हलवता विचारलं.

"दीर. भाऊ नाही. पोरगी न्यायला आलाय."

तिनं पुढचं काही विचारलं नाही. मी उठून पळाले असते तर दारातल्या त्या गड्याच्या अंगावरून जावं लागलं असतं. फोन लावला असता तर बोलावं लागलं असतं, आणि नरसक्काला लिहिलेलं मराठी वाचता येत नव्हतं. माझ्यापुढं फक्त कीबोर्ड होता. भिंतीवर होती तीच फाईल माझ्याही पडद्यावर होती.

"हे बघा," सर अंकुशला असे शिकवत होते, जसा काही तोही कोर्सला आलाय. "इथं त्यांनी नकाशाचं नाव लिहिलंय. इथं आपण लिहायचं सेल्फ. अशा चार जागा आहेत. ही एक."

मी खालच्या ओळींवर गेले. तिसरी ओळ : हिरवं दार, कस्तुरी. सातवी ओळ : तपकिरी दार, कुलूप. मी तिसऱ्या ओळीतलं नाव काढून कुलूप लिहिलं. सातव्या ओळीतलं कुलूप काढून कस्तुरी लिहिलं. दारांचे रंग तसेच ठेवले, तिथं गेल्यावर जुळायला पाहिजेत. घाईत कस्तुरी तीनदा चुकीचं उमटलं.

पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. माझी फाईल चालवायची तर वरची चूकही माझ्याच हातानं निघायला हवी होती. नाहीतर पुन्हा सातही घरं सारखी, आणि मग सर शांतपणे आपल्या दुरुस्तीकडं वळले असते.

"ही दुसरी जागा," सर म्हणाले.

"सर, माझा माऊस चालंना," नाझनीन म्हणाली.

"थांब ग जरा."

"सर, बाणच गायब झालाय. बघा की. नंतर म्हणाल, मशीन मी बिघडवलं."

"केबल हलवून बघ."

"हलवली सर. आता पडदाच काळा झाला."

सर चरफडत अर्ध्या वाटेपर्यंत आले, तिनं केबल परत खोचली, म्हणाली, आला आला. तेवढ्यात मी वर गेले. आठवडाभर मी सेल्फ लिहीत होते ते नुसतं नकाशाच्या नावाच्या जागी, एकाच ठिकाणी. चित्र काढणाऱ्या ओळीतही ते नाव आहे हे मला दिसलंच नव्हतं. आता दिसलं. घराला माहिती देताना त्या घराची म्हणून द्यायची आणि काढतानाही त्या घराचीच मागायची. एवढंच होतं. चारही जागा बदलल्या. शिकवण्यानं न समजलेलं मला भीतीनं समजलं, आणि मी असं शिक्षण कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणते.

फाईल जतन केली.

"ही तिसरी, आणि ही चौथी," सर पुढं जाऊन म्हणाले. "आता चालवू."

भिंतीवर मधोमध एक चौकट उमटली. इंग्रजीत लिहिलेलं होतं : ही फाईल दुसरीकडून बदलली गेली आहे. नवीन उघडू का? हो, नाही.

"काय झालं?" अंकुशनं विचारलं.

सर चौकटीकडंच बघत राहिले. हा माणूस दोन मिनिटं गप्प बसू शकतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. वनमाला ताई दुपारी येतात आणि फाईल आत्ता बदलली. त्यांनी मान वळवली. त्यांचे डोळे अंधारात एक एक रांग बघत मागच्या रांगेपर्यंत आले. स्कार्फमधून माझे डोळे तेवढे दिसत असतील. मी मान हलवली नाही, हात जोडले नाहीत. मला काही करताच येत नव्हतं. नुसती बघत राहिले.

"काही अडचण?" अंकुश खुर्चीत वळायला लागला.

"नाही, नाही," सर म्हणाले. "नेहमीचंच आहे. मशीन विचारतं, खात्री आहे का म्हणून." आणि त्यांनी 'हो' दाबलं.

चित्र काढणारा बाण भिंतीवर सरसर फिरला. पहिलं घर उमटलं, पुढं शेळी. दुसऱ्याला निळं दार. तिसऱ्याला हिरवं, त्यावर कुलूप. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा सातही घरं वेगवेगळी आली. शेवटी टाकीजवळचं तपकिरी दार उमटलं आणि वर नाव, कस्तुरी.

"भाची माझी," अंकुश म्हणाला. उठला, भिंतीचा फोटो घेतला, सरांचे आभार मानले. दारातून जाताना त्या गड्याला हळूच म्हणाला, "टाकीपाशीच आहे. चल."

मोटरसायकल सुरू होऊन लांब गेली तेव्हा मी नरसक्काला फोन लावला. "पोरीला आत घे. दार लाव. आमच्याकडचे येतायत."

"किती जण?"

"दोघं. शेवटच्या बंद घरापाशी येतील."

"येवू दे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सर माझ्यापाशी येऊन उभे राहिले. "ताई, ते घर कुणाचं?"

"कुणाचं नाही. बंद आहे."

"आणि तो भाऊ..."

मी उठले. "फोटो फेसबुकवर टाकताना मला विचारलं होतं का?"

"ताई, मला काय माहीत..."

"माहीत नव्हतं तर विचारायचं. तुम्ही हसायला टाकलात. नाव टाकलंत. माझ्या पोरीच्या दारापर्यंत रस्ता काढून दिलात त्याला. चौकट बघून गप्प बसलात ते बरं केलंत. पण ते आधीचं त्यानं फिटत नाही."

त्यांनी गाडीची किल्ली काढली. म्हणाले, "चला, गाडीवर सोडतो."

वसाहतीच्या कमानीपाशी पोचलो तेव्हा नरसक्काचा फोन आला. पाठीमागं बायकांचा नुसता कालवा. "धरलाव दोघांना. भर दिवसा कुलूप फोडलालते की. चोर म्हणून दोन दिल्या मी."

नंतर गल्लीतल्या बायकांनी मला सगळं सांगितलं. अंकुशनं बाहेरचं कुलूप बघितलं आणि हसला. आत कुणी नाही, असं त्याच्या मनातही आलं नाही. बाहेरून कुलूप म्हणजे आत बाई असणारच, हे त्याला घरूनच पक्कं माहीत होतं. दाराला कान लावून म्हणत होता, "वहिनी, आवाज नको. पोरगी द्या, आम्ही जातो." उत्तर येईना तसा त्या गड्यानं लोखंडी टॉमीनं कुलूप तोडलं. आत हैदराबादवाल्यांची रिकामी पिंपं आणि घुशींची बिळं. मागं वळले तर ओट्याओट्यावरनं बायका उतरलेल्या. विडीची पानं कापायच्या कात्र्या हातातच होत्या.

पोलीस चौकीत दोघं बाकावर बसले होते. अंकुशचा शर्ट फाटला होता, खिशाचं पेन मात्र जागच्या जागी होतं. हवालदार वयस्क, कंटाळलेला.

"घरगुती मामला दिसतोय," तो म्हणाला. "हे म्हणतात, वहिनीला भेटायला आलो, घर चुकलं. घरमालक हैदराबादला, तक्रार करायला कुणी नाही. समज देऊन सोडतो."

"वहिनी," अंकुश मऊ आवाजात म्हणाला, "कशाला चार लोकांत? मी जातो. माझ्याकडून मिटलं."

सोडला असता तर तो गेला असता. आणि पुढच्या खेपेला कुणाला न विचारता आला असता, कारण गल्ली आता त्याला पाठ झाली होती. मधल्या एखाद्या दुपारी नरसक्का पानं आणायला कारखान्यात गेली असती आणि ओट्यावर फक्त कातरणं उरली असती.

"तक्रार मी देते," मी म्हणाले.

"कशाची?"

"माझी पोरगी पळवायला आले होते. जिवे मारायची धमकी आधीपासून आहे. घरात कोंडून मारहाण झाली, तीही लिहा. बाहेरून कडी हाच लावायचा."

हवालदारानं उसासा टाकला, कागद ओढला. "नाव?" सांगितलं. "वय?" सांगितलं. "राहायचा पत्ता?"

अंकुशनं मान वर केली.

चौकीबाहेर नरसक्का कस्तुरीला कडेवर घेऊन उभी होती. सर रस्त्यापलीकडं गाडीवर बसले होते. पत्ता नाही दिला तर कागद पुढं सरकणार नव्हता. दिला तर ज्या एका गोष्टीसाठी मी महिनोन् महिने नाव लपवलं, स्कार्फ बांधला, माहेर सोडलं, ती गोष्ट मी माझ्याच तोंडानं त्याच्या हातात ठेवणार होते.

मी सांगितलं. टाकी, गल्ली, घर क्रमांक.

"ऐकू येईना बाई. मोठ्यानं."

मी पुन्हा सांगितलं. ह्या खेपेला माझा आवाज बाहेर नरसक्कापर्यंत गेला. हवालदार एकेक अक्षर लिहीत होता आणि अंकुशचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. लिहून झालं तसा तो माझ्याकडं बघून हसला.

"कळलं आता घर," तो हळूच म्हणाला.

मी टेबलाची कड धरली.

"हवालदारसाहेब," मी म्हणाले, "हा आत्ता काय बोलला, तेही लिहा."